पहिल्या खुर्चीचा मान

ही अक्षरं आमच्या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. माझी चौथीपर्यंतची शाळा तमिळ. मराठी लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. मुलीला आमची मराठी कानाला कळते, पण डोळ्याला नाही. म्हणून निर्धास्त लिहिते.

मुलगी दातांची डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात तिनं तंजावुरातच स्वतःचा दवाखाना उघडला. पूजेला आलेले भटजी म्हणाले, नव्या खुर्चीवर आधी सुवासिनीला बसवा. घरची सुवासिनी मीच.

सासूबाई होत्या तोवर हळदीकुंकवाला मी मागच्या खोलीत असे. समोरचे चार दात नसलेली सून पुढं बरी दिसत नाही, म्हणायच्या. ते दात कशानं गेले हे त्यांना ठाऊक होतं. ही मुलगी पोटात असताना माझ्या हिरड्या सुजून रक्त यायचं. पोटुशीनं डॉक्टरकडं जायचं नाही, औषध बाळाला लागतं, असं त्यांनी सांगितलं आणि लवंग दिली. बाळंत झाले तोवर दात हलायला लागले होते. ओरत्तनाडुच्या दवाखान्यात ते काढून टाकले. नवे बसवायचं कुणी बोललं नाही. मीही नाही.

आणि आता मला पहिला मान.

समई लावून झाली, केशरी भात वाटून झाला, आणि मुलगी लोकांपुढं उभी राहिली. तमिळमध्ये बोलली. "सगळे विचारतात, दातांचीच डॉक्टर का झालीस? माझ्या अम्मामुळं. लहानपणापासून पाहिलं, अम्मा तोंडाला पदर लावून हसते. तेव्हाच ठरवलं, हिला मोकळं हसवायचं."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सवयीनं माझा पदर तोंडावर गेला. त्यावर टाळ्या आणखी वाजल्या.

बारावीनंतर तिला मोठ्या डॉक्टरकीची जागा मिळाली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली होती, जेवत नव्हती. "लोकांच्या घाण तोंडात हात घालत बसू काय?" म्हणाली. तिच्या अप्पांनी समजावलं, "नावापुढं डॉक्टर तर लागेल. लग्नाच्या पत्रिकेत दात की हृदय, कोण विचारतं?" त्यावर ती उठली आणि रसम-भात जेवली. कारण एवढंच होतं. त्यात लाज कसली? तेच सांगितलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

कॉलेजात असताना तिला कवळी बसवायला पेशंट स्वतः शोधून न्यावे लागायचे. त्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. जुन्या बसस्टँडवर जाऊन बोळक्या म्हाताऱ्यांची आर्जवं करायची. एका फुलं विकणाऱ्या म्हातारीला तर रिक्षात घालून नेलं. घरी येऊन कुरकुरायची, "पेशंट मिळत नाहीत, अम्मा." मी समोर बसून भाजी चिरत असायची. मला ने, असं मी म्हटलं नाही. ने म्हटलं असतं तर तिच्या मैत्रिणींनी मला पाहिलं असतं. सहावीत असताना शाळेच्या फाटकाशीच तिनं मला सांगितलं होतं, "अम्मा, आत तोंड उघडू नको. लोक पाहतात."

भाषण झाल्यावर मला त्या नव्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची आपोआप मागं कलली, वरचा दिवा डोळ्यांवर आला. नणंदेचा मुलगा फोन धरून उभा. बाहेरच्या खोलीत भिंतीवर खिळा ठोकून तयार होता. तिथं माझे दोन फोटो लागणार होते, एक नवे दात बसवण्याआधीचा, एक नंतरचा. हे मला तिथंच कळलं.

"अम्मा, तोंड उघड गे."

मी ओठ मिटले.

"वहिनी, उघडा की," नणंद म्हणाली. "तुमचीच मुलगी. चावायला दात कुठं आहेत तुम्हाला?"

सगळे हसले. तिचे अप्पाही.

मुलगी वाकून हळूच म्हणाली, "असं काय गे करतेस? एकच फोटो. लोक पाहतात."

मी तिच्या कानाशी म्हटलं, "फोटोला बसस्टँडवरची म्हातारी आण."

तोंडावरच्या पट्टीमुळं तिचे डोळेच दिसले. मग ती ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली, "माझी अम्मा फार लाजते!" पुन्हा टाळ्या. मला उठवलं आणि माझ्या जागी नणंदेला बसवलं. तिचे सगळे दात शाबूत आहेत.

त्या खिळ्यावर आता कॅलेंडर आहे. दात बसवू या, असं मुलगी त्यानंतर दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा फोटोचं बोलली नाही, पण मी नको म्हटलं. भाषण मात्र ती अजून करते, येईल त्या पेशंटपुढं.

काल डबा द्यायला गेले तेव्हा पापनाशमहून आलेली एक बाई बाकावर होती. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्यासाठीच ना डॉक्टर झाली ती? नशीबवान आई!"

मी पदर लावून मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.