दाट उतरेना, पातळ रस होईना

इस्माईलभाई गेल्याची वार्ता मला तहसील कचेरीसमोर, माझ्या टेबलापाशीच मिळाली. त्यांच्या मेहुण्याने फोनवर एवढेच सांगितले, "दुल्हेभाई गेले, भाऊ." त्या वेळी मी कोणा एकाचा वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. मयताचे नाव लिहून झाले होते, पुढचे वाक्य काही केल्या सुचेना... ज्या लेखणीवर जुन्नर-आंबेगावातील भल्याभल्यांनी आपली गाऱ्हाणी विश्वासाने सोपविली, ती त्या दुपारी अडून राहिली.

माझ्या टेबलाशेजारीच त्यांचे फळांच्या रसाचे दुकान होते. हंगाम सरला की गिऱ्हाईक विचारी, मनुका भिजवून द्राक्षाचा रस होत नाही का? इस्माईलभाई म्हणत, "भिजवल्यावं मनुका फुगती, राव, द्राक्ष व्हत न्हाई. द्राक्षातलं पानी वेलाचं, ह्ये आपलं नळाचं." या मुद्द्यावर मी त्यांच्याशी अनेकदा रीतसर वाद घातला. आमसूल वाळलेलेच असते आणि ते भिजवून पेला भरता येतो, मग मनुकेनेच काय गुन्हा केला? "म्हनून तर त्याला सरबत म्हनत्यात, वकीलसाहेब," हे त्यांचे उत्तर. मजजवळ सनद नाही हे पुरते ठाऊक असूनही ते मला अखेरपर्यंत वकीलसाहेबच म्हणत आले.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. आधी भाकरी उतरेनाशी झाली, मग पेज, मग दुधाचाही वास नकोसा झाला. नळी घालून घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. काय घ्यावेसे वाटते, असे त्यांच्या पत्नी रेहानाभाभींनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, काळ्या द्राक्षाचा रस. भर श्रावणात! मी पिंपळवंडीच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून, घरच्या गच्चीवर वाळविलेल्या काळ्या मनुका आणून दिल्या. भाभींनी त्या कोमट पाण्यात रात्रभर भिजविल्या, वाटल्या, मलमलीतून पिळल्या. रस निघाला, काळसर, दाट, शिजविल्यासारख्या वासाचा. पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की इस्माईलभाईंचे डोळे फिरले. भाभींनी त्यात पाणी घातले, पुन्हा गाळले, पुन्हा पाणी घातले. तेव्हा कुठे घोट खाली गेला.

त्यांनी पेला उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, "दाट व्हता तवा रस व्हता, पन उतरंना. आता उतरतंय, तर रस न्हाई." आणि पेला सारून भिंतीकडे तोंड केले. त्या दिवसभरात पोटात गेलेले तेवढेच होते. मी समजुतीचे चार शब्द बोलू पाहिले. भाभींनी हातानेच मला थांबविले.

"बरं, रस न्हाई," त्या म्हणाल्या. "मनुकाचं पानी हाय. पानी तर प्याल?"

"पानी पितो की," ते म्हणाले, आणि चमच्याचमच्याने पेला संपविला.

त्यानंतर त्यांच्या घरात रस हा शब्द कोणी उच्चारला नाही. त्या पाण्यावर ते काही काळ तगले... पुढे तेही उतरेना. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करण्यापुरते ते उरले.

चाळिसावा झाल्यावर मी भाभींना भेटावयास गेलो. चुलीजवळच्या वाटीत मनुका भिजत होत्या. माझी नजर तेथे गेल्याचे त्यांनी पाहिले.

"हाताला सवय लागलीय, भाऊ. सांजच्याला आपोआप भिजत घालते. सकाळी टम्म फुगल्याल्या असत्यात. टाकवत न्हाई अन् एकटीला पिववत बी न्हाई."

त्यांनी त्या वाटल्या, गाळल्या आणि पेला माझ्यापुढे ठेवला. त्याला काय म्हणतात ते त्यांनी सांगितले नाही. मी तो संपविला. गोड होते... पण पाणीच होते.