कस्तुराबाईची गाठ

जयनगरात शिवकुमार सोनाराच्या पायरीवर बसून दागिने गाठवून देणारी कस्तुराबाई म्हणजे संशयाची पुतळीच. निपाणीहून लग्न होऊन बेंगळुरात आली तेव्हापासून तिने भाजीवाल्याच्या काट्यावर, रिक्षाच्या मीटरवर, एवढंच काय, शेजारणीच्या गोड बोलण्यावरही कधी विश्वास ठेवला नाही. सोन्याचे मणी ओवायच्या आधी आणि नंतर ती गिऱ्हाइकासमोर वजन करायची. ‘सरी अक्का, ठीक आहे, पुरे’ म्हणून लोक कंटाळत, पण ही बधत नसे. प्रत्येक दोऱ्याच्या शेवटी सासूने शिकवलेली गाठ मारायची, पोटात एक लाल धागा लपवलेली. तीच तिची सही.

डोळे मिटून भरवसा टाकला तो एकट्या मुलावर. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला असलेला सुरज एकदा मूठभर वाघनखं घेऊन आला.

“प्लास्टिकची हाईत गं. आमच्या दोस्तांच्या बाळांना घालायला, दृष्ट लागू नये म्हणून.”

तिने ती काळ्या दोऱ्यात गाठवून दिली. दोऱ्याची टोकं मेणबत्तीवर जाळताना ज्योत एका नखाला लागली आणि केस जळल्याचा वास आला. तिने आपली बट चाचपली, पदर सारखा केला आणि पुढचा दोरा घेतला.

आज दुपारी वनखात्याच्या संहिता मॅडम तसाच एक दोरा पिशवीत घालून पायरीशी आल्या.

“फास लावून मारलेल्या वाघाचं नख आहे हे. विकणारा सापडलाय, देणाऱ्याचं नाव सांगत नाही. अक्का, ही गाठ कुणाची?”

“आमच्याकडची नाही मॅडम,” शिवकुमार घाईने म्हणाला.

कस्तुराबाईने पिशवीतूनच गाठ दाबून फिरवली. लाल धागा डोकावला. नखाच्या मुळाशी वाळलेलं मांस चिकटलं होतं. तेव्हा ते दिसलं नव्हतं, की बघायचंच नव्हतं? तिला स्वतःची शिसारी आली. साऱ्या गावावर पाळत ठेवली आणि घरातल्या चोराला रोज गरम भाकरी वाढली.

“माझी,” ती म्हणाली. “बसा स्वल्प.”

तिने फोन लावला. “सुरज, आणखी नखं असली तर घेऊन ये. हात मोकळे हाईत माझे.”

आईचा संशय घ्यावा हे त्या पोराच्या मनातही आलं नाही.

“आलो की,” तो म्हणाला. “च्या सांगून ठेव.”