काट्याचं नेटवर्क

पांढुर्ण्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, वायफायचा पासवर्ड ऑफिसच्या भिंतीवर, पाण्याच्या माठाच्या वर, खडूने लिहिलेला होता. कापूस आणणारा शेतकरी असो की ट्रकचा ड्रायव्हर, नंबर लागेपर्यंत त्याला पाणी आणि नेट दोन्ही मिळायचं. तिथली रीतच ती, आणि तिच्यात वाईट काही नव्हतं. पण गाड्या तोलणारा काटाही त्याच नेटवर्कवर होता. प्रोग्रॅम जुना, त्याच्या पानाला पासवर्डचं कुलूप नव्हतं. कोणत्याही मोबाइलवर ते उघडायचं आणि वजन बदलता यायचं.

मी तिथे संगणक सांभाळत होते. एका दुपारी ब्राउझरमध्ये सर्व्हरचा वेब कन्सोल, म्हणजे त्याच्या सेटिंग्जचं पान, उघडला आणि एकाच तारेवर तीन व्हीलॅन, म्हणजे तीन वेगळी नेटवर्क, तयार केली. दहा क्रमांकात काटा, वीसमध्ये ऑफिस, तीसमध्ये पाहुणे. नेटच्या तारा जोडणाऱ्या स्विचलाही तेच क्रमांक दिले. माठावरचा पासवर्ड राहू दिला. तो आता फक्त तीसचा होता.

दुसऱ्या दिवशी जिनिंगचे मालक, शेठ, ऑफिसात बसले असताना त्यांचे साळे आले. साळे कापसाची दलाली करत.

"मॅडम, माह्या मोबाइलवर काटा काहून दिसून नाही राहिला?"

"बंद केला."

शेठ हसले. "अवं, जोडून दे त्यायले. घरचाच माणूस हाये."

"घरचे असन त घरी, शेठ. काट्यावर नाही."

"जिनिंग तुह्या बापाची हाये का?" साळे उसळले.

"नाही. अन् तुमच्या बापाचीही नाही."

शेठचं हसू गेलं. "जोड म्हणलं ना."

कन्सोल उघडाच होता. मी खुर्ची सोडली. "सर्व्हर तुमचा हाये, शेठ. बसा, जोडा. मी बाहेर रांगेत सांगून येते, का आजपासून वजन या भाऊच्या मोबाइलवरूनही बदलते."

नोकरी जाणार, हे दिसत होतं. मी दारापर्यंत गेले. बाहेर सौंसर-बोरगावकडचे ट्रॅक्टर फाटकाच्याही पलीकडे लागले होते. शेठनी खिडकीतून ती रांग पाहिली.

"बस खाली," ते मला म्हणाले. मग साळ्यांकडे वळले. "तू पाहुण्यायचं नेट वापर."

"मी पाहुणा हावो का?"

"हव."

हंगाम संपेपर्यंत साळे माझ्याशी बोलले नाहीत. दहा क्रमांकात आजही दोनच यंत्रं आहेत, काट्याचा संगणक आणि त्याचा प्रिंटर. तिसरं जोडायला कोणीही सांगितलं, तरी मी जोडणार नाही.