भासऱ्यांचं दार सोडून

नवरा जाऊन महिनाही झाला नसेल, भासऱ्यांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाने, सामाईक कोठीतली कुदळ, फावडं आणि सब्बल उचलून आपल्या घरात नेली. आमच्याकडे भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. मला काही सुनवायचं असलं की ते जावेशी बोलत, पण तोंड माझ्या खिडकीकडे करून. "सांदवाडी कोण खोदन आता? यंदा पडीक राहिली का गाडीले शेड टाकून देऊ."

सांदवाडी म्हणजे घरामागची भाजीची जागा. दरवर्षी नवरा ती खोदायचा, मी लावायचे. वाटणी तोंडी झालेली, कागद कुठेच नव्हता. एकदा शेडचे खांब रोवले की जागा गेलीच, हे मला कळत होतं.

आंधळगावच्या बाजारात कुदळ मिळत नाही असं नाही. पण मी इरेला पेटले होते. न खोदता वाफा कसा करतात ते मोबाइलवर पाहिलं होतं. ठरवलं, कुदळीला हातच लावायचा नाही, आणि भाजी अशी पिकवायची की या माणसाला घास गोड लागू नये.

मी शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत किराणा दुकानातून पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणली, चिकटपट्ट्या सोलल्या, खोकी उलगडली आणि वाळल्या गवतावर फट राहणार नाही अशी पसरली. पाणी मारून चिंब केली. त्यावर वीतभर कुजलेलं शेणखत, वरून तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. शेणखत जावेने दिलं. भासरे वरठीला कारखान्यात ड्युटीला गेले की ती टोपलं भरून कुंपणाशी ठेवायची आणि परत जायची. तिचे आभार मानायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यांच्याच गोठ्यातलं खत त्यांच्या उरावर पिकणार, याचाच मला आनंद होता.

"खोक्यावर भाजी?" खिडकीकडे तोंड करून भासरे म्हणाले. "उदई लागन. जनावराचं तणीस सडवून राहिली."

उदई, म्हणजे वाळवी, एका कोपऱ्यात लागलीही. तेवढी खोकी उचलून जाळली, बाकीची रोज भिजवत राहिले. पावसाळ्यात खोकी विरली, खाली गांडुळं झाली. हात खुपसला तर मनगटापर्यंत आत जायचा. दिवाळीच्या आधी वांगी अशी लागली की झाडांना काठ्या द्याव्या लागल्या. शेडचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेवढ्याने माझं पोट भरलं नाही. पहिला तोडा गल्लीत घरोघर द्यायची आमची रीत आहे. भासरे ओसरीवर बसलेले बघूनच मी टोपली घेऊन निघाले. त्यांच्या अलीकडच्या घरी वांगी दिली, पलीकडच्या घरी दिली. मधलं दार सोडलं. सगळ्या गल्लीने पाहिलं. भासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन एकटीच हसले. पुढे दर रविवारी तेच केलं.

महिन्याभराने जाऊ कुंपणाशी आली. रागावलेली नव्हती.

"दोन वांगे देशीन का, बाई?"

"तुमच्या घरच्यांले खाऊ घालाले नाही देत मी," मी म्हटलं.

"त्यांले वांगं चालतच नाही," ती म्हणाली. "आंग खाजवते त्यांचं. बाजारातून आणूच देत नाही. शेजारपाजारचं कोणी दिलं का तेवढंच मी खातो."

मी वांगी तोडायला वाकले, आणि लवकर वर बघवेना. महिनाभर मी सूड उगवत होते तो हिच्यावर, आणि हिने ओसरीच्या आतून दर रविवारी माझी टोपली पुढे जाताना पाहिली होती.