भिंतीला आवळलेली पेटी

निखिलचा फोन आला तेव्हा मी रिक्षात होते. मांडीवर दादासाठी केलेल्या रव्याच्या खिरीचा डबा होता. निखिल म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा. वडिलांच्या दुखण्यासाठी पुण्याहून रजा काढून आला होता. "आत्या, कुठे पोचलीस?" म्हणाला. मी म्हटलं, पाणीगेट ओलांडलं, येतेच. तर म्हणाला, "सावकाश ये." तेवढ्यावरून मला कळलं. दीड महिना जो तो मला "लवकर ये" म्हणत होता, आणि आज एकदम सावकाश! काय झालं म्हणून रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "मासी, कंई थयुं?" तर मी त्याच्यावरच खेकसले, की तू समोर बघून चालव. त्या बिचाऱ्याचा काय संबंध? पण मला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ज्याच्यावर मी जन्मभर हक्काने ओरडले तो माणूस गेला होता. डबा पार कारेलीबागेत दादाचं घर येईपर्यंत पोळत राहिला मांडीला. खाली ठेवायचंही सुचलं नाही.

माझा थोरला भाऊ, दिगंबर. मी त्याला दादा म्हणायची, तो मला कुमे. बडोद्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात त्याने सगळी नोकरी देखभाल खात्यात काढली. पंप, व्हॉल्व्ह, गळणाऱ्या पाइपा, हेच त्याचं गणगोत. निवृत्त झाल्यावर दृष्टी अधू झाली म्हणून गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजात वर्कशॉप थाटलं. वर्कशॉप कसलं, उकिरडा! पाने तुपाच्या डब्यात, कानशी बिस्किटांच्या डब्यात, लहानमोठे डिसमिस (स्क्रू-ड्रायव्हरला आम्ही बडोदेकर डिसमिसच म्हणतो) जुन्या लोखंडी ट्रंकेत तळाशी. सोसायटीतल्या कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, कुणाच्या सायकलीची चेन, सगळं त्या गॅरेजात यायचं आणि दुरुस्त होऊन जायचं. पण एक पाना हवा असला की दादा अर्धा तास डबे उपसणार आणि घरभर आवाज जाणार, "शैला, माझा बाराचा पाना तू उचललास का?" जसं काही वहिनी बाराच्या पान्याने पोळ्या लाटते.

शेवटी त्याने खणांची पेटी घ्यायचं ठरवलं. पत्र्याची, उभी, खाली चाकं, ओढले की बाहेर येणारे खण. ठरवलं म्हणजे काय, ध्यासच घेतला. आणि खरेदीला बरोबर कोण? मी. कारण घासाघीस करायला त्याला लाज वाटायची आणि मला अजिबात नाही. लहरीपुऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत आम्ही दोघं म्हातारे दुपार-दुपार हिंडलो. दुकानदार त्याला "काका" म्हणत पाणी द्यायचे आणि तो पाणी बाजूला ठेवून पेटीच्या अंगावर अंगठा दाबायचा. पत्रा आत गेला की पुढचं दुकान. खण पुरता बाहेर ओढून त्यात स्वतःच्या कोपराचा भार द्यायचा. कुठे खण डुगडुगला, कुठे चाकाला ब्रेक नाही, कुठे कुलपाची किल्ली डब्याच्या झाकणासारखी मऊ. प्लॅस्टिकची एक छान निळी पेटी होती, हलकी, धुता येण्यासारखी. मला तीच आवडली. "कुमे, ही भाजी ठेवायला घे," म्हणाला. पाणीगेटला एक सुतार लाकडाची करून देतो म्हणत होता, तर म्हणे वाळवीला आमंत्रण कशाला. भंगारबाजारात एका बंद पडलेल्या कचेरीचं कपाट मिळत होतं, तेही ह्याला नको, कारण त्याच्या खणांत कागद राहतात, हातोड्या नाही. स्वस्त तर हवी, पण टाकाऊ नको. पेन्शनीतला माणूस, कुठे हात आखडता घ्यायचा हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

एका दुकानात त्याच्या मनासारखी पेटी होती. जाड पत्रा, खण लोण्यातून सुरी जावी तसे सरकणारे. पण महाग. शिवाय तिला एक खिट्टी होती, एक खण उघडा असला की दुसरा उघडत नसे. दादाने दोनदा ओढून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काका, एक वखते एक ज खानुं खूले. पडे नहीं ने, एटले." म्हणजे पेटी पडू नये म्हणून. आणि माझा भाऊ हसला. अजून दिसतो मला तो, चष्मा कपाळावर चढवून हसताना. म्हणाला, "कुमे, मग खंडेनवमीला काय करू? देवीला सांगू, बाई, एकेक खण उघडतो, तू लायनीत उभी राहा?"

हे सगळ्यांना कळायचं नाही म्हणून सांगते. नवरात्रातल्या नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याच्या घरी तलवार असेल त्याने तलवार पुजावी, आमच्या वडिलांच्या पाटावर विळी, अडकित्ता आणि पेन्सिलीला टोक करायचा चाकू असायचा. दादाने मात्र ते सणाला शोभेसं केलं. गॅरेजात सतरंजी पसरून एकूण एक हत्यार मांडायचं, पुसून, तेल लावून. वहिनी प्रत्येकाला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. दसऱ्यापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही, मग कुणाचा मिक्सर अडला तरी अडू दे. पण अलीकडे वहिनीचे गुडघे गेले होते. मागच्या वर्षी सतरंजीवरून तिला उठवायला दोघं लागले. दुकानातून बाहेर पडताना दादा हळूच म्हणाला, "पेटी आली की शैलाला खाली बसायला नको. उभ्याउभ्या लावेल कुंकू."

तर ती महागाची सोडून दुसऱ्या दुकानातली पेटी घेतली. पत्रा बेताचा, खण मजबूत, खिट्टी नाही. मीच भाव पाडून आणला आणि आमच्या दोघांच्या डोक्यात विजयाची हवा. हातगाडीवरून पेटी घरी आली तेव्हा दादाने तिला नारळ फोडला, अहो, मोटारगाडीला फोडला नव्हता. पुढचे काही आठवडे त्या माणसाला मी इतकं सुखी पाहिलं! वरच्या खणात डिसमिस, मग पाने आकाराप्रमाणे, मग पकडी, आणि अगदी खाली जड सामान, हातोड्या, शिकंजा, छिन्न्या. डोळे मिटून हवं ते काढून दाखवायचा. गॅरेजाच्या फरशीला गेटकडे उतार आहे, पाणी बाहेर जावं म्हणून. पेटी त्या उताराकडे तोंड करून उभी होती.

खंडेनवमीच्या सकाळी ती पेटी खाली आली. सगळे खण एकदम बाहेर ओढलेले, वरचे थोडे, खालचे पुरते. तोल पुढे गेला आणि भरलेली पेटी दादाच्या कमरेवर पडली. मी पोचले तेव्हा त्याला रुग्णवाहिकेत घालत होते. गॅरेजभर हत्यारं पसरली होती आणि त्यांच्यावर झेंडू. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली असंही सांगितलं. पण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पाणी धरतं, ते धरलं. दिवाळी आली आणि गेली, दारात पणती लावायचंही कुणाच्या लक्षात नव्हतं. जो येईल त्याला दादा एकच सांगायचा. "मीच गाढव. सगळे खण एकदम उघडायची अवदसा मलाच आठवली." न विचारता सांगायचा. पुन्हा पुन्हा सांगायचा. मला राग यायचा, म्हणायची, पुरे झालं स्वतःला शिव्या देणं, झालं ते झालं. तर माझ्याकडे न बघता वहिनीकडे बघायचा. ती पाण्याचं भांडं घेऊन आत निघून जायची.

एका सकाळी मला म्हणाला, "कुमे, पेटी भिंतीला बांधायची." मी म्हटलं, "पेटी गेली खड्ड्यात. तू आधी दोन घास खा." ऐकेना. निखिल सांगून बसला होता की ती पेटी भंगारात देणार, त्याला स्वतःला ती डोळ्यांसमोर नको. आणि दादा अंथरुणावरून हट्ट धरून बसला की आजच बांध, निखिल बाजारातून यायच्या आत. मग काय करते? शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईने सासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ड्रिल मशीन हातात धरली. हॉलमधल्या त्याच्या खाटेपासून गॅरेजाचं दार सरळ दिसतं. तो तिथून खोकत खोकत सांगायचा. "जोर लाव, भिंत आहे ती, बाळाचा गाल नाही!" "वाकडं जातंय!" "आता प्लॅस्टिकची नळी ठोक, तिच्यात स्क्रू. आवळ. अजून आवळ. तुझ्या जिभेला आहे तेवढा जोर हाताला नाही का गं?" वर दोन आणि मध्ये दोन, लोखंडी पट्ट्या बसल्या. माझ्या केसांत सिमेंटची पूड. पण खरं सांगते, त्या दीड महिन्यातला तेवढा एक तास तो आजारी नव्हता.

काम झाल्यावर म्हणाला, "आता शैलाला बोलव. तिला म्हणावं, सगळे खण उघडून बघ."

मी म्हटलं, मी उघडते की. "तू नाही. तिने." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नवमीपासून तिने गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. ती नुसती मान हलवून नाही म्हणाली आणि आत गेली. दादाने पुन्हा आग्रह केला नाही. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमला. त्यानंतर तो पेटीबद्दल बोलला नाही. थोड्याच दिवसांनी ती रिक्षा, तो खिरीचा डबा...

दिवसकार्य झालं. निखिलने भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. तो यायचा त्या सकाळी मी तिथेच होते, गॅरेजातल्या डब्यांची आवराआवर करत. पाठीमागे चाहूल लागली म्हणून बघते तर वहिनी. एक हात दाराच्या चौकटीला, पदर मुठीत.

वहिनी माझ्याच वयाची, आमचं पहिल्यापासून अगं-तुगं. म्हटलं, "अगं, कशाला आलीस इथे?"

"कुमुद, खण ह्यांनी आपणहून नव्हते उघडले," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. मी म्हटलं, चैत्रगौरीच्या आराशीसारखे पायऱ्यापायऱ्यांनी उघडा ना, किती छान दिसेल. हे म्हणाले, वा शैला! आणि उघडले. मी पेटीसमोर उभी होते, तबक घेऊन. पेटी माझ्या अंगावर येत होती गं. ह्यांनी मला ढकललं आणि स्वतः मध्ये..."

म्हणून तो प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यासमोर स्वतःला गाढव म्हणवून घेत होता. आणि मी वर त्याच्यावर चिडत होते.

"रोज म्हणायचे, तू कुणाला बोलायचं नाहीस," वहिनी म्हणाली. "निखिलला तर नाहीच. पण मला झोप लागत नाही. डोळा लागला की ती पेटी पडते."

मी तिच्या हाताला धरून तिला पेटीसमोर नेलं. एवढंच म्हटलं, "त्याने तुला उघडायला सांगितलं होतं. उघड."

कितीतरी वेळ तिने हात पुढे केला नाही. मग सगळ्यात वरचा खण ओढला, थोडासा. मग त्याच्याखालचा, थोडा अधिक. पाने, पकडी. प्रत्येकावर नवमीचं कुंकू होतं, वाळून काळपटलेलं. आम्ही हत्यारं तशीच गोळा करून खणांत टाकली होती, पुसायचं कुणाला भान होतं? मधले खण बाहेर आले तशी मी वाकून भिंतीकडचे स्क्रू बघितले. उगाच नव्हे, पट्ट्या मी बसवल्या होत्या. वहिनीने शेवटचा, जड हत्यारांचा खण पायाशी पुरता ओढला. सगळी आरास उघडी. भिंतीतून एक बारीकसा करकर आवाज आला, बस.

"नाही पडली," वहिनी म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "ह्या खणातल्यांना कुंकू लागायचंच राहिलं."

हातोड्या, छिन्न्या, शिकंजा, सगळं कोरं होतं. वरून सुरुवात करून ती इथवर यायच्या आतच... तबक कुणीतरी उचलून फळीवर ठेवलेलं होतं, करंड्यात कुंकू तसंच. मी ते काढून तिच्यापुढे धरलं. ती दचकून मागे झाली. "मी? आता?"

"मग कोण? अर्धी पूजा टाकून कुणी उठतं का? लाव," मी म्हटलं. बाहेर भंगारवाल्याची हाक आली. निखिल त्याला घेऊन गॅरेजाच्या दारापर्यंत आला आणि आईला बघून तिथेच थांबला.

वहिनीने बोट कुंकवात बुडवलं. खण खाली होता आणि तिला वाकवत नाही. तिने डावा हात पेटीच्या माथ्यावर टेकला, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला आणि गुडघे दुमडून खाली वाकली. पेटी जागची हलली नाही.