खवणीवरचा उंचवटा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. मुलुंडच्या आमच्या गाळ्यात नारळाच्या खवण्या बनतात. मालक सावंत, कॉम्प्युटर सांभाळणारी नेहा आणि पॅकिंगला मी. दुकानदारांनी माल घेणं कधीच बंद केलं, त्यामुळे सगळं एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या साइटवर विकतो. मग किस्से होणारच!

*

एकदा आमची खवणी साइटवरून गायब! कारण : 'घातक हत्यार'. नेहाने कळवलं, "ही नारळ खवायला वापरतात." उत्तर आलं, "आपलं हत्यार कोणत्या प्रकारात मोडतं?"

"लिही, ओल्या खोबऱ्याच्या!" सावंत म्हणाले.

काही दिवसांनी खवणी परत दिसायला लागली. का गेली, का आली, कोणी सांगितलं नाही.

*

गणपती झाले की रिटर्न वाढतात. चेंबूरहून एक खवणी परत आली. कारण : 'आवडली नाही'. दात्यांत खोबरं तसंच! कंपनीने आम्हाला न विचारता रिटर्न मंजूर केला होता.

सावंतांनी वास घेतला. "नारळ बरो होतो हां!"

*

मग कंपनीने स्वतःच्या ब्रँडची खवणी काढली. आमच्याहून स्वस्त. आमच्या साच्यात एक चूक होती, त्यामुळे मुठीवर उंचवटा राहायचा. त्यांच्या मुठीवरही उंचवटा! खाली लिहिलेलं, 'मजबूत पकडीसाठी खास रचना'.

नेहा म्हणाली, "वाट लागली. आपली चूकसुद्धा ढापली!"

*

सर्चमध्ये त्यांची खवणी सगळ्यात वर, आमची कुठेतरी तळाला. दोनपैकी एक मशीन बंद करावं लागलं. तेवढ्यात सावंतांच्या बायकोने बहिणीला द्यायला म्हणून आपलीच खवणी मागवली. बॉक्समधून निघाली कंपनीची!

"पयली दिसली ती दाबलंय. खाली कोण शोधीत बसतला?"



*

परवा मात्र कंपनीतून चक्क माणसाचा फोन आला. सावंतांनी स्पीकरवर टाकला.

"सर, आमच्या खवणीचे दाते लगेच बोथट होतात, फार तक्रारी येतायत. तुमची चांगली आहे. आमच्या ब्रँडसाठी बनवून द्याल?"

नेहाने हातानेच 'नको, नको' केलं. सावंत बंद मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाळ्यावर या. चहा घेऊ, समोरासमोर बोलू."

"सॉरी सर. सेलरला भेटायची आम्हाला परवानगी नाही."