ग गव्हाणीचा

कडब्याचा वास आला की धुळ्याच्या शाळेतला नाताळ आठवतो आणि डोकं सणकतं. बाईंनी नाताळातले ‘ग’चे शब्द फळ्यावर लिहून घेतले होते: गोठा, गव्हाण, गाढव, गाणी. येशूजन्माच्या नाटकातली गव्हाण बांधली ती मळ्यातल्या गोठ्याशेजारी राहणाऱ्या सालदाराच्या मुलीनं. कडबाही तिनंच डोक्यावरून आणला. मग तिनं विचारलं, “बाई, मी मरिया होऊ?” बाई हसल्या. “अगं, तुझ्या अंगाला शेणाचा वास येतो. तू खाली, बघणाऱ्यांतच बस.” ती म्हणाली, “बाई, गोठामा तं बठ्ठासना अंगले वास येस ना!” गोठ्यात सगळ्यांच्याच अंगाला वास येतो, हे तिचं अहिराणी ऐकून वर्ग खिदळला. मरिया झाली डॉक्टरांची मुलगी, अत्तर लावून. आजही कुणी सजवलेली गव्हाण कौतुकानं दाखवली, की मी तोंडावर विचारते: कडबा कुणी आणला, आणि तिला बसवलंय कुठं?